बुडवलेली होडी

४ डिसेंबर, सोमवार
लेक, जावई, नात आले. दारातच एकेकाची खबर घेतली — लेकीची कंबर ठीक, नातीचा कान दुखायचा थांबला, जावईबापूंचं पित्त मात्र जिथल्या तिथं!
कडक ऊन. आज सकाळीच होडी दगड भरून काठालगत बुडवली. चार महिने जमिनीवर पडून फळ्या वाळल्यात, सांधे उघडलेत. पाच दिवस पाणी प्यायली की लाकूड फुगतं, भेगा मिटतात. शनिवारी तपासनीस येणार. आत पाणी शिरलं नाही तर उतारू न्यायचा परवाना. शिरलं तर कारभार आटोपला!

५ डिसेंबर, मंगळवार
धुकं. तळं हरवलंय.
जेवताना जावईबापू — "बाबा, ह्या वयात वल्ही कशाला? होडी विका, आमच्याकडे चला." मायेनंच बोलतात. मी खाली मान घालून जेवलो. मला इथंच राहायचंय — तोंडातून फुटेना.

६ डिसेंबर, बुधवार
दुपारी वादळ. बोराएवढ्या गारा! कौलं शाबूत. नशीब थोर.

७ डिसेंबर, गुरुवार
लख्ख ऊन. लेकीबरोबर बाजारातून आलो तर अंगणात होडी! पालथी, उन्हात वाळत घातलेली! शेजारी जावईबापू, ओठ निळे, दात वाजताहेत.
"वादळात बुडाली होती, बाबा. सकाळीच काढली! काय वारा असेल — आत दगडसुद्धा येऊन पडले होते!"
लेकीनं तोंडात पदर कोंबला. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. पुन्हा बुडवायची तर खरं सांगावं लागणार. जावयाला कसं सांगू? जी विका म्हणत होते, तिच्यासाठी हा माणूस छातीभर गार पाण्यात उतरला! "फार उपकार झाले," म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

८ डिसेंबर, शुक्रवार
ढग. जावईबापूंना सटासट शिंका. काढा दिला. होडीवरून हात फिरवत बसले होते — "लाकूड छान आहे हो."

९ डिसेंबर, शनिवार
अर्ध्या तासात होडीत घोट्याएवढं पाणी. तपासनीस मान हलवत म्हणाला, "नाही जमायचं, आजोबा."
जावईबापूंचा चेहरा एवढासा झाला. "असं कसं?"
"लाकूड म्हातारं झालं," मी म्हटलं.
ट्रंक काढली. कपडे भरले. तळ्यानं चाळीस वर्षं जेवू घातलं, वर असा जावई मिळाला. आणखी किती मागायचं?

१० डिसेंबर, रविवार
भुरभुर पाऊस. लेकीच्या पोटात काही राहिलं नाही! ऐकल्याबरोबर जावईबापू छत्रीही न घेता तपासनीसाच्या दारात — "चूक माझी आहे." फेरतपासणीला पंधरा दिवसांची मुदत घेऊनच परतले. मग माझ्यापुढे उभे, निथळत.
"बाबा, निदान एक शिवी तरी घाला हो!"
घातली. पोटच्या पोराला घालतात तशी. कुठं त्याचा जीव भांड्यात पडला!