भाचीचं कार्ड आणि समोरचा तौसिफ

३ मार्च, सोमवार
नवी पेठेत माझ्या छापखान्यासमोरच तौसिफनं लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. नावं इंग्रजीत, तिरकी, शेपट्यांची अक्षरं. बघायला गर्दी. मला काडीचाही फरक पडत नाही. सकाळपासून पाच वेळा चहाला त्याच बाजूला गेलो, इतकंच.

५ मार्च
अक्काच्या धनलक्ष्मीचं लग्न ठरलं. मुलाकडचे बेंगळुरूचे, म्हणून कार्ड इंग्रजीत. भाचीचं कार्ड मामानं छापायचं, ही आमच्या घरची रीत. धनू म्हणे, तौसिफसारखी अक्षरं हवीत. म्हटलं, त्यात काय, एक बटन दाबायचं.

६ मार्च
बटन दाबलं. सगळी अक्षरं तिरकी झाली. बायको सिद्धेश्वरी बघून म्हणाली, "पडायलेत की वो सगळी!" तिला कलेतलं कळत नाही.

८ मार्च, शनिवार
तौसिफकडे सहज गेलो. त्यानं चहा मागवला आणि न विचारता सांगत सुटला. म्हणे ही अक्षरं तिरकी वाकवलेली नसतात, लेखणीच्या वळणानं वेगळीच काढलेली असतात. त्यातला ए, एफ बघा, आकारच निराळा. नावापुरती वापरायची, पत्ता सरळ अक्षरांत. आणि सगळी कॅपिटल तर कधीच नाही, शेपट्या एकमेकींत अडकतात. मी ऐकतच नव्हतो. सगळं पाठ झालंय.
तसल्याच अक्षरांचा फॉन्टही विकत घेतला. पण त्याचा सल्ला घेतला असं कुणी म्हणू नये, म्हणून उलट करणार. अख्खं कार्ड त्यातच. सगळी कॅपिटल.

११ मार्च
झालं. राजेशाही. वर वेलबुट्टीही टाकली.

१२ मार्च
धनूनं स्वतःचं नाव शोधायला बराच वेळ घेतला. दाजींनी मंगल कार्यालयाचा पत्ता वाचायचं सोडूनच दिलं. देखणी गोष्ट बघायला डोळे लागतात, हे मी समजावलं. अक्का म्हणाली, राहू दे गुरु, तुला लई काम असतंय. अक्काला माझी किती काळजी!

१५ मार्च
तौसिफच्या दुकानातून दाजी बाहेर पडले. रस्ता चुकले असतील.

२२ मार्च, शनिवार
अक्का आणि धनू अक्षता, सुपारी घेऊन आमंत्रणाला आल्या. पहिली पत्रिका सिद्धेश्वराच्या देवळात ठेवली, दुसरी मामाला, असं धनू म्हणाली. छापलेली तौसिफनं. चुका काढायच्या म्हणून चष्मा लावून बसलो. वधूवरांची नावं तिरकी, बाकी सगळं सरळ, सुटसुटीत. एक चूक सापडेना. खाली कोपऱ्यात निमंत्रकांत एकच नाव त्याच तिरक्या अक्षरांत होतं: मामा, गुरुराज. अक्का म्हणाली, तौसिफनंच सुचवलं, मामाचं नाव वेगळं दिसू दे.
जळलो. अगदी आतून जळलो. इतकी वर्षं लोकांची नावं छापतोय, माझं नाव एवढं देखणं मी कधी केलं नव्हतं.
धनूला म्हटलं, ठीक आहे. मग आणखी एक कार्ड मागून घेतलं.