शक्यतो

मंगळवार, संध्याकाळ. वडिवळे.

उन्हात राबणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरणार आहेत. जिनिव्हाच्या परिषदेत देशातल्या मालकांची बाजू आमची संघटना मांडणार आहे आणि निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आहे. मालकांनी सावली आणि पिण्याचं पाणी द्यावं, हे आम्हाला मान्य. मी फक्त एक शब्द घातला, दोन्हींपुढे. मराठीत सांगायचं तर, 'शक्यतो'. छोट्या कारखानदाराला तेवढी सवड हवी, असं मनापासून वाटत होतं. अजून वाटतं का?

आई पवनानगरच्या कॅम्पवर पर्यटकांचे तंबू धुऊन आली. तिला मसुदा मराठीत सांगितला.

"शक्यतो म्हंजी न्हाईच की."

"तसं नाही गं आई."

"आमचा मॅनेजर बी त्येच म्हंतो. 'मावशी, पाण्याचं बघतो, जमंल तसं.' दोन उन्हाळं झालं, बघतोयच."

मग हसली. "तू मालकांची व्हय? मग माजी बी हायेस. लावणीला मी चार बाया लावते. आदी कळशी बांधावर, मग बाया चिखलात."

यात 'शक्यतो' कुठेच नव्हतं. आणि आईपेक्षा छोटा मालक मी तरी पाहिलेला नाही.

सावलीपुढे तो शब्द राहू दिला, भर शेतात सावली कुठून आणणार? पाण्यापुढचा खोडला. साहेब उद्या विचारतील, हे कोणत्या मालकाचं मत? परत घालायला लावतीलही. पण विचारलं, तर माझ्याकडे एक नाव आहे.