आधी तुम्ही घ्या

ता. ९, रविवार दुपार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, तेव्हा आठांतलं एक अंग वजा कर. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आता 'तुझं अक्षर लागत नाही' ही सबब चालायची नाही.

'लोकांच्या लघवीत तू काय वाचतोस रे?' असं तू नेहमी विचारतेस. आज तेच सांगतो. जड यंत्रं चालवणाऱ्यांची नशेसाठी तपासणी होते. प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे येतो. त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि फोन. निर्गुण, निराकार! अफूच्या घराण्यातलं काही सापडलं की मी अर्थ लावायचा, मग फोन करून विचारायचं, औषध घेता का? दहातले नऊ जण खसखशीवर ढकलतात.

गुरुवारी एका क्रेनवाल्याचा कागद आला. मॉर्फिन, आणि भरपूर. कोडीन नाही, म्हणजे खोकल्याचं औषध नव्हे. हेरॉइनची खूण नाही. खसखशीच्या बापाला झेपणार नाही असा आकडा. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'थापाड्या', आणि चहा पीत फोन लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

ताई, तो आपला दादा होता.

एकोणीस वर्षांनी. कप लवंडला, तो तसाच राहिला. "तपासणीचा डॉक्टर," एवढंच मी कसंबसं म्हणालो.

"आवाज ओळखला," तो म्हणाला. "विचारा, डॉक्टर."

विचारा! मला!

नात्यातला माणूस निघाला की तिथेच फोन ठेवायचा असा नियम आहे. मी ठेवला नाही.

"काही औषध घेतोस?"

"मला काय धाड भरलीय? तिचं घेतो." वहिनीच्या हाडांत कॅन्सर पसरलाय. वर्ष झालं. "वेदनेचं पातळ औषध आहे. ती म्हणते, आधी तुम्ही घ्या. चाटून भागत नाही, चमचाभर गिळून दाखवावं लागतं. दिवसातून चारदा."

"अरे, पण का?"

"बाटलीवरचं तिला वाचता येत नाही. आणि वाचून दाखवणाऱ्यावर तिचा विश्वास नाही. कधीपासून, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. तुलाही आहे. तिच्या वडिलांचं पत्र मी वाचून दाखवत होतो, बोट फिरवत, मधेमधे पदरची वाक्यं घालत. 'तुझं नाव टाकलंय, या घरी पुन्हा येऊ नकोस.' ती खरं मानून रडायला लागली, तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो. तिशीतला घोडा होतो मी, अजाण म्हणायचीही सोय नाही. त्याच संध्याकाळी दादा तिला घेऊन बाहेर पडला.

कागद मी आमच्या वरिष्ठ बाईंकडे दिला. 'थापाड्या' खोडलं नाही. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं औषध ही सबब होत नाही. पॉझिटिव्हच जाणार." चूक नाही त्यांची, क्रेनखाली माणसं उभी असतात. दादाला खाली उतरवलंय. वीस तारखेला पुन्हा तपासणी. ती स्वच्छ आली तर नोकरी, नाहीतर घर.

"म्हणजे चमचा बंद," निकाल कळल्यावर दादा फोनवर म्हणाला. "मग ती पिणार कशी?"

शुक्रवारी ती प्यालीच नाही. दिवसभर चादरीचं टोक दातांत धरून पडली होती. म्हणून काल मी गेलो.

तिसरा मजला, एका खिडकीची खोली. मी बाटली घेतली आणि अक्षराखाली बोट ठेवत सगळं वाचलं, अगदी कारखान्याच्या पत्त्यासकट. "वहिनी, एक शब्द पदरचा नाही."

ती बाटलीकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होती.

"तेव्हाही असंच बोट फिरवत होतात, भाऊजी," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दादाने माझ्या हातातून बाटली घेतली. चमचा भरला. माझ्याकडे बघत गिळला. मग दुसरा भरला, तो ती निमूट प्याली. मी, परीक्षक, समोर उभा.

ताई, वीस तारखेच्या आधी ये. ते पत्र तुझ्या पेटीत असेल, तू काही टाकत नाहीस. त्यात तिच्या वडिलांनी खरं काय लिहिलं होतं, हे तिला आजवर कुणी वाचून दाखवलेलं नाही. शेवटपर्यंत तर मीही वाचलं नव्हतं. आता तुझे डोळे बरे आहेत. तू वाच.

तुझाच,
थापाड्या