गुहराम टिकणार की पळणार

माझ्या बायकोचे थोरले बंधू आणि आमच्या दोन्ही घरांचे कर्तेधर्ते वाजा शहदाद यांना मस्कतच्या छावणीतून हवालदार सब्जलचा सलाम पोचावा.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत, तेव्हाच मला शंका आली. बऱ्या असलेल्या गुडघ्याबद्दल कोणी लिहीत नाही. होडी, जाळी, शेळ्या, मुलंबाळं सगळी सुखरूप असोत. माझी तब्येत उत्तम आहे (हे मात्र खरं आहे).

पत्रास कारण, आपल्या गावचा गुहराम. त्याला मी जामीन राहून इथल्या फौजेत भरती केलं हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण कप्तान नासिर साहेबांनी तेव्हा मला काय बजावलं ते मी घरी कळवलं नव्हतं. आपल्या गावची पोरं टिकत नाहीत असं साहेबांचं मत झालंय, आणि त्यांचा तरी काय दोष? मी आणलेला पहिला पोरगा बहिणीच्या लग्नाला म्हणून रजेवर गेला, ते लग्न अजून उरकलेलं नाही. दुसऱ्याची आजी एका वर्षात तीनदा वारली, आणि तिसऱ्यांदा तो मातीला गेला तो गेलाच. म्हणून साहेब म्हणाले, “सब्जल, हा शेवटचा. हाही पळाला तर तुमच्या गावाला आमचं दार बंद, आणि तुझी मुदतवाढही विसर.” म्हणजे गावातल्या साऱ्या तरण्याताठ्या पोरांची भाकरी आणि माझी बावीस वर्षांची नोकरी, दोन्ही गुहरामच्या पायांवर अवलंबून, आणि पाय त्याचे भलतेच लांब आहेत.

परमुलखातून आलेला शिपाई किती टिकणार हे मी त्याच्या ताटावरून ओळखतो. ज्याला राहायचंय तो दुसऱ्या दिवसापासून डाळीला नावं ठेवतो. ज्याला जायचंय तो पाहुण्यासारखा निमूट जेवतो. गुहराम निमूट जेवतो. वर आचाऱ्याला ‘अल्ला बरकत देवो’ म्हणतो! (आमच्या डाळीला बरकत आली तर ती आणखी पातळ होईल.) शिवी दिली तरी हसतो. मी मुद्दाम देऊन पाहिली. त्यात मत्रहच्या बाजारातून त्याने आधी फुलाफुलांचा आरसा आणला, मग पातेली, मग चटई. शिपायाला कशाला हवा फुलांचा आरसा? असला बाजार गावी निघालेला माणूसच करतो. खाटेखाली सामानाचा ढीग साठला, आणि मग दर शुक्रवारी हा एक गाठोडं घेऊन बाहेर जायचा आणि हात हलवत परत यायचा. माल लाँचने समुद्रापार गावी धाडून मागून आपण पोबारा करायचा बेत, दुसरं काय! चोराची पावलं चोरच जाणे म्हणतात, पण आम्ही हवालदार लोकही त्यात मागे नाही.

गेल्या शुक्रवारी मी त्याच्या मागावर गेलो. साधे कपडे, तोंडावर फडकं. सुक्या लिंबांच्या पोत्याआड लपलो, तर दुकानदार म्हणाला, “हवालदार साहेब, लिंबं घ्यायचीत की नुसता वास?” (सारा बाजार मला ओळखतो. पाळत ठेवणाऱ्याला याच्याइतकं दुर्दैव नाही.) लिंबं घ्यावी लागली. ती पिशवी सांभाळत एका गल्लीत शिरलो. गुहराम एका घरात गेला, दार लागलं, आणि आतून ठोकाठोक ऐकू येऊ लागली. म्हटलं, पेट्यांना खिळे मारतोय! मी भिंतीला कान लावला, तोच माझ्या पाठीत झाडू बसला.

“ए मेल्या! दाढी पिकली आणि लोकांच्या भिंती हुंगत फिरतोस?”

ही गुहरामच्या बायकोची आत्या. लग्न होऊन इथे आली ती इथलीच झाली. आरडाओरडा ऐकून गुहराम हातोडी घेऊन बाहेर आला. “अरे, सब्जलमामा! आत या, आत या. आत्या, मारू नकोस, हे आमचे हवालदार.”

“हवालदार होय? मग आणखी एक हाणायला हवा होता,” असं म्हणून म्हातारी कहवा करायला गेली.

आत पाहतो तर आरसा भिंतीवर, चटई अंथरलेली, आणि हा पठ्ठ्या दाराला पडदा लावतोय. त्याची बायको येणार आहे. आत्याने खोली दिली आहे. मला म्हणतो, “मामा, मी कशाला पळू? जिच्याकडे पळायचं तीच इकडे येतेय. आता साहेबांनी हाकललं तरी हलत नाही बघा.” मी म्हटलं, बरं, बरं. कहवा देता देता म्हातारीने विचारलं, “आणि तुझी कुठाय?” म्हटलं, गावी. “किती वर्षं?” मी सांगितलं. एवढ्या तोंडाळ बाईने न विचारता माझा पेला पुन्हा भरला. वाजा, झाडूपेक्षा मला ते जास्त लागलं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या दोन वर्षांच्या मुदतवाढीवर सही ठोकली. आनंद झाला, पण होईल असं वाटलं होतं तेवढा नाही. असो. गावाची अब्रू तूर्त शाबूत आहे. तूर्त म्हणतो, कारण पोरगा अजून डाळीला नावं ठेवत नाही. पाळत चालूच आहे.

थोरांना सलाम, पोरांचे गालगुच्चे, आणि गुडघ्याबद्दल खरं काय ते लिहा.

तुमचा सब्जल

ता. क. हलव्याचा डबा नाखवा पीरजानच्या हाती धाडला आहे. दोरीला माझी गाठ आहे. गाठ निराळी दिसली तर आधी त्याच्या मिशा बघा.

ता. क. दुसरा. आत्याच्या शेजारची खोली रिकामी आहे. मी काही घेतलेली नाही. किल्ली तेवढी माझ्याकडे आहे. तुमच्या बहिणीला, माहगंजला, इकडचं तिकडचं बोलता बोलता सहज विचारा की पडदा तिला कुठल्या रंगाचा आवडतो. इतका संसार झाला, पण मला ते ठाऊक नाही. “कशाला?” म्हणाली, तर विचारा, येशील का. मी विचारलंय असं सांगू नका. हवालदार घाबरतो हे गावभर व्हायला नको.

ता. क. तिसरा. ती हसली, तर दुसऱ्याच कुणाचं तरी काम होतं म्हणा आणि विषय बदला. पण हसली तर कशी हसली, तेवढं मात्र मला नीट, सविस्तर लिहा.