मागच्या ॲक्सलमधले दात

मी, या वर्कशॉपचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी आज दुपारी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. फुप्फुसे जागेवर नाहीत. डॉक्टर महिना-दीड महिना म्हणतात. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे सापडलेच तर ते माझे समजू नये.

माझी पत्नी वारली. आम्हाला मूल नाही. मागे राहणारी माणसे दोन. एक माझा धाकटा भाऊ, जो वर्कशॉपमागच्या घरात, खालच्या खोलीत राहतो. दुसरी त्याची मुलगी, माझी पुतणी. ती दुसऱ्या शहरात असते. वडिलांशी ती बारा वर्षे बोललेली नाही. मला मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन करते. "काका, औषध घेतोस ना?" असे विचारते. खालच्या खोलीबद्दल विचारत नाही. तो फोन मी घेत आलो आहे, हे पुढच्या मजकुरासाठी नोंदवून ठेवतो.

कलम १. घर धाकट्याला द्यावे. वर दोन खोल्या, खाली एक, मागे मोरी. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती मी वीस वर्षे उद्या दुरुस्त करणार आहे. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, तेव्हा सगळ्यात आधी ती पायरी करून घ्यावी.

कलम २. बँकेतली ठेव पुतणीला द्यावी. माझ्या पत्नीचे घड्याळही तिलाच. ते मागे पडते.

कलम ३. हत्यारे मिस्त्रीला. तो माझ्याकडे चौदा वर्षे आहे. टॉर्क रेंच, तिन्ही पुलर, मायक्रोमीटर, मोठा जॅक. छोटा जॅक फेकून द्यावा, तो धरत नाही.

(हे कलम दुसऱ्या दिवशी खोडले. कारण पुढे येते.)

कलम ४. वर्कशॉपच्या आतल्या भिंतीवर एक पाटी उलटी करून टांगलेली आहे. ती रस्त्यापलीकडे पूर्वी ज्याचे गॅरेज होते, ज्याला सगळे 'बाटली' म्हणत, त्याची आहे. ती त्याला, तो नसल्यास त्याच्या घरच्यांना परत द्यावी, आणि पैज मी लबाडीने जिंकली होती असे सांगावे.

पैज माझ्या गाडीवरून लागली होती. आठ सिलिंडरची, सात माणसांची मोठी एसयूव्ही. तिच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेली छोटी पट्टी होती: ओढण्याची क्षमता साडेतीन टन. ओढायची ती तेवढे, पण ॲव्हरेज लिटरला सहाच्या वर कधी गेले नाही. बाटली म्हणायचा, "ही गाडी पेट्रोल पीत नाही रे, ढोसते." एकदा पाच-सहा जणांसमोर मी म्हणालो, इंजिनाला हात माझा लागला तर सात देईल. तो म्हणाला, "सात दिलेस तर माझी पाटी उतरवून तुझ्या दारात आणून ठेवतो."

मी सुट्टीच्या दोन दिवसांत, शटर आतून ओढून, मागच्या ॲक्सलमधला क्राउन आणि पिनियन बदलला. ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी लिहितो. या दोन दातेरी चाकांच्या दातांवर ठरते की गाडीचे चाक एकदा फिरायला इंजिनाने किती वेळा फिरायचे. मूळ जोडीत चार वेळांहून थोडे जास्त. मी बसवलेल्या जोडीत तीन वेळांहून थोडे जास्त. इंजिन कमी फिरते, पेट्रोल कमी जाते. पण चढाला ओढ कमी मिळते, आणि उताराला छोट्या गिअरवर इंजिन जे वजन मागे धरून ठेवते, ती पकडही तेवढीच ढिली होते. माझ्या हिशेबाने ती गाडी आता दोन टनांच्या वर न्यायची नव्हती.

गाडीने सात दिले. लोक म्हणाले, काय हात आहे! मी इंजिनातच काम केल्याचे सांगत राहिलो. बाटलीने बॉनेट उघडून पाहिले, बंद केले आणि म्हणाला, "दात बदललेस ना रे?" मी हसलो. त्याने पाटी आणून दिली. वर्षभरात त्याने गॅरेज बंद केले. माझ्याकडे गिऱ्हाईक दुप्पट झाले.

कलम ५. माझ्या वर्कशॉपचा एक नियम आहे आणि पुढे जो कोणी हे चालवेल त्याने तो पाळावा. ॲक्सलचे दात बदलले की झाकणाच्या बोल्टला पत्र्याची पट्टी बांधायची, त्यावर नव्या दातांचा आकडा ठोकायचा, आणि दारावरच्या पट्टीवर क्षमतेचा नवा आकडा डकवायचा. हा नियम मीच केला. पट्टी न बांधणाऱ्या एका कारागिराला मी सगळ्यांदेखत कामावरून काढले होते. माझ्या गाडीला मी पट्टी बांधली नाही. बांधली असती तर पैज उघडी पडली असती.

कलम ६. मागच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेला एक ॲक्सल आहे. त्याच्याशेजारी लाकडी खोक्यात क्राउन आणि पिनियनची मूळ जोडी आहे. माझ्या मृत्यूनंतर मिस्त्रीने धाकट्यासमोर तो ॲक्सल उघडावा आणि दात मोजावेत. त्याआधी पुढील मजकूर वाचून दाखवावा.

एकोणीस वर्षांपूर्वी धाकटा बोटी बनवणाऱ्या एका शेडमध्ये ड्रायव्हर होता. शेडचा ट्रक बंद पडला. बोट तलावावर पोचवायची होती. ट्रेलरसकट अडीच टन. तो सकाळी माझ्याकडे आला. बरोबर त्याची बायको होती, तिला तलाव बघायचा होता. नऊ वर्षांची पोर आमच्याकडे ठेवली.

धाकटा म्हणाला, "दादा, अडीच ओढेल ना रे?"

माझ्याशेजारी एक नवे गिऱ्हाईक उभे होते. गाडीचे ॲव्हरेज ऐकून, दोन तासांचा प्रवास करून आले होते.

मी म्हणालो, "दारावर काय लिहिलंय? वाचता येतं ना?"

त्याने वाचले. "साडेतीन."

"मग?"

त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, हे दहादा विचारतात. लग्नाआधीही मला दहादा विचारलं होतं." आम्ही सगळे हसलो. ती पुढच्या सीटवर बसली.

तलावाकडे सात किलोमीटर सलग उतार आहे. ब्रेक तापले, ट्रेलरचेही तापले, मग लागेनासे झाले. पाचव्या वळणावर ट्रेलरने गाडीला ढकलले. त्याची बायको जागीच गेली. त्याचा पाय गेला तो असा.

शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता: दुसरा गिअर टाकला होता, पण गाडी धरत नव्हती. गिअरबॉक्स फुटलेला, त्यावरून काही कळेना. अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला जाणकार म्हणून बोलावले.

"दुसऱ्या गिअरवर असती तर ही गाडी एवढं वजन धरून उतरली असती का?"

"असती."

"खात्री आहे?"

"गाडी माझी आहे, साहेब."

अहवालात लिहिले गेले की चालकाने उतारावर गिअर बदलला नाही. त्याचे लायसन्स गेले, नोकरी गेली. मोडकी गाडी माझ्या आवारात आली. दुसऱ्याच दिवशी मी मागचा ॲक्सल काढून गोणपाटात बांधला. फेकून द्यायला तीनदा बाहेर काढला. फेकला नाही. का, ते मला सांगता येत नाही.

पुतणी सोळा वर्षांची झाल्यावर तिने कुठूनतरी तो अहवाल मिळवला. दारात उभी राहून बापाला म्हणाली, "एक गिअर. एवढंच करायचं होतं तुला." बॅग घेऊन गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिला रडू दिले.

सात वर्षांपूर्वी आम्ही दोघे जेवत होतो. धाकटा म्हणाला, "दादा, मी खरंच दुसरा टाकला होता का रे? आधी अगदी लख्ख आठवायचं. आता हात तिथे गेल्याचं आठवतच नाही."

मी म्हणालो, "गडबडीत राहून जातं. होतं माणसाकडून."

त्याने मान हलवली. मीठ मागितले. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही.

मिस्त्रीने हे सगळे पुतणीलाही कळवावे. माझा शेवटचा विधी धाकट्याने करावा.

येथवर परवा लिहून झाले. कलम सहाचा 'माझ्या मृत्यूनंतर' हा भाग आता रद्द आहे. तो खोडला आहे, पण वाचता येईल असा ठेवला आहे. पुढचा मजकूर आज लिहीत आहे.

काल सह्यांसाठी मिस्त्री आणि डॉक्टर आले. डॉक्टर खिडकीशी बसले. मिस्त्रीने सहाव्या कलमापर्यंत वाचले आणि चष्मा काढला.

"मालक, हे मेल्यावर?"

"हो."

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? तेव्हा कोण तुमची कॉलर धरायला येणार?"

"सही कर."

"नाही करत."

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, जरा सबुरीनं. त्यांना त्रास होईल."

"होऊ दे की. एकोणीस वर्षं दुसऱ्याला झालाय." मग तो डॉक्टरांकडे वळला. "ज्याला काही मिळणार असतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात. खरं का?"

"खरं आहे. तो वाटा मग मिळत नाही."

"मग मालक, माझं नाव खोडा तिथून. हत्यारं नकोत. सही मी करतो, पण तो ॲक्सल आज उघडायचा. तुमच्यासमोर."

मी पेन मागितले. मग कलम तीन खोडले. त्याच्या जागी कोणाचे नाव घालावे ते मला सुचले नाही. ती जागा कोरी आहे.

मला खुर्चीसकट खाली आणले. धाकटा वर्कशॉपमध्ये आला, भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला सांगितले. सगळे सांगायला चार-पाच वाक्ये पुरली. इतकी वर्षे मला ते फार लांबलचक वाटत होते.

मिस्त्रीने झाकणाचे बोल्ट सोडवले. आत जळक्या तेलाचा वास तसाच होता. मिस्त्रीने क्राउनच्या एका दातावर खडूने खूण केली आणि हाताने फिरवू लागला. धाकटा मोजत होता, मोठ्याने. चाळीस. मग पिनियन. तेरा. खोक्यातली मूळ जोडी काढली. एक्केचाळीस आणि दहा. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्यांदा मोजताना मिस्त्रीने त्याचा हात धरला.

"बास, धाकटे मालक. तेच आहेत."

धाकटा म्हणाला, "म्हणजे मी टाकला होता."

माझ्याकडे न बघता त्याने माझ्या खिशातून माझा फोन घेतला. त्याच्या फोनवरून केला तर ती उचलत नाही. वर्कशॉपमध्ये शांतता होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बोल ना, काका. आज कसा काय? पहिली तारीख कुठे आहे?"

"काका नाही. मी आहे. ठेवू नकोस." तो थांबला. "गिअर टाकला होता मी. गाडीतच खोट होती. दात बदललेले होते. आत्ता मोजले. डॉक्टर आहेत इथे, मिस्त्री आहे."

ती म्हणाली, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला माहीत नव्हतं."

"कोणाला माहीत होतं?"

त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "मला." ती म्हणाली, "बाबांना दे." लहानपणानंतर तिने त्याला बाबा म्हटल्याचे मी प्रथमच ऐकले. तो फोन घेऊन बाहेर गेला. परत आल्यावर फोन बाकावर ठेवला आणि आपल्या खोलीत गेला.

ती रविवारी येत आहे. त्याला न्यायला. वर येणार नाही, असे कळवले आहे.

त्यामुळे खालील बदल.

कलम १ कायम. तो म्हणाला, घर नको. तरीही ते त्याच्याच नावे ठेवतो. त्याला हवे तर विकावे, हवे तर पाडावे. नाकारायला तरी त्याच्या हातात काही असावे. पायरी आज सकाळी मिस्त्रीने ठोकून दिली.

कलम २ कायम. तिने घेतले नाही तर बँकेला काय करायचे ते बँक जाणे.

चौकशी करणाऱ्या कार्यालयाला या मृत्युपत्राची प्रत आजच पाठवत आहे. मी जिवंत असताना त्यांना मला काही विचारायचे असेल तर मी इथेच आहे. अहवाल बदलावा, एवढीच मागणी आहे.

शेवटच्या विधीबद्दल आधी लिहिले होते ते रद्द. मी धाकट्याला विचारले. तो कपड्यांची घडी घालत होता. म्हणाला, "नाही, दादा. ते माझ्याकडून व्हायचं नाही." आवाज चढवला नाही. गुडघा ताठ ठेवून, एक हात पलंगाला लावून तो पुन्हा वाकला आणि पुढचा शर्ट घेतला.

तेव्हा माझी व्यवस्था नगरपालिकेच्या गाडीने करावी. मी गेल्याचे त्याला पत्राने कळवावे. उत्तरासाठी थांबू नये.

वाचून, समजून, माझी सही केली आहे.

सही: वर्कशॉपचा मालक

साक्षीदार पहिला: डॉक्टर. मालक शुद्धीवर असून त्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: मिस्त्री. या कागदाने मला काहीही मिळत नाही. मालकांनी माझ्यासमोर सही केली. त्यांचा हात मी धरलेला नव्हता.

स्थळ: वर्कशॉपमागचे घर, वरची खोली
दिनांक: सव्वीस नोव्हेंबर