आईपुरती भिंत

मंगळवार, ४ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. वरचा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडत नाही, पण त्यावर फार जाऊ नकोस.

तू बरा असशील. वहिनीला नवं गाव मानवलं असेल. आई बरी आहे. गुडघा सकाळी धरतो, दुपारपर्यंत सुटतो. औषधं वेळेवर घेते, म्हणजे मी समोर उभी राहिले तर घेते. छोटीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती साखर मागते तेव्हा सगळे हसतात आणि ती चिडते.

तुझा फोन मी उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. उचलला तर तू पहिल्याच वाक्यात "काय गं चिमणे" म्हणशील आणि मला जे बोलायचंय ते घशातच राहील. म्हणून कागद घेतला. कागदावर लिहिताना मध्येच कुणी समजूत काढत नाही.

घराची खबरबात आधी देते. राहायला आल्यापासून तू सांगितलेलं सगळं मी मनापासून करत आले. छताची पन्हळ पानांनी तुंबू दिली नाही. भिंतीलगत कुंड्या ठेवल्या नाहीत, कारण त्यांचं पाणी घराच्या पायात मुरतं. न्हाणीघरातल्या फरशांचे सांधे भरून घेतले. शेजारीण म्हणाली, "अहो, तुम्ही घर घेतलंय की बाळ दत्तक घेतलंय?" मी काय ऐटीत सांगितलं तिला! "माझा भाऊ घरं तपासून देतो. लोक घर घ्यायच्या आधी त्याला घेऊन जातात, त्याने मान हलवली तरच पुढे बोलतात. आमच्याकडे हयगय कशी चालेल?"

थंडीत मागच्या खोलीचं दार अडायला लागलं. तुला विचारलं, तू म्हणालास लाकूड फुगलं असेल, थोडा रंधा मारून घे. घेतलं. मग तिथल्या खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघाला. तिरका, खाली उतरणारा. तूच सांगायचास ना, की केसाएवढ्या बारीक रेघा गिलाव्याच्या असतात, त्यांना भ्यायचं नाही, पण तिरका तडा दिसला की थांबायचं? मी फोटो पाठवला. "नवा रंग आहे गं, वाळताना असं होतं." मी तड्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण केली, तीही तुझीच शिकवण. तडा खूण ओलांडून पुढे गेला. तुला कळवलं तर तू हसलास. "चिमणे, आता तू माझं दुकान बंद करणार की काय?"

मीही हसले. स्वतःचे डोळे बाजूला ठेवून हसले.

ह्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या." त्यावर मी घर डोक्यावर घेतलं. मी म्हणाले, "माझ्या भावावर शंका घ्यायची असेल तर आधी माझ्यावर घ्या." बरेच दिवस आम्ही जेवणखाणापुरतंच बोललो. आणि मी ते कपड्यांचं मोठं कपाट ओढत नेऊन तड्यापुढे उभं केलं. ह्यांना रोज दिसायला नको, आणि आई दुपारी चहाला येते, तिला उगाच घोर नको.

आई हाक मारतेय. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार

काल मी मुद्द्याला बगल देत होते. आता सरळ सांगते.

गेल्या महिन्यात आई अशीच दुपारची आली होती. आम्ही दोघी चहा घेत होतो. छोटीला कागदाची फुलं करायची होती आणि कात्री मागच्या खोलीत होती. ती पळत निघाली. आईने हातातला कप टेबलावर आदळला आणि ओरडली, "तिकडे नको! त्या भिंतीजवळ जाऊ नकोस!"

आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. छोटी जागच्या जागी उभी राहिली.

मी आईला भिंतीचं कधीच काही बोलले नव्हते. तडा कपाटामागे होता.

छोटीला शेजारणीकडे सोडून आले, दार लावलं आणि आईसमोर बसले.

"तुला कसं माहीत?"

"काय कसं माहीत?"

"भिंतीचं. आई, माझ्याकडे बघ."

तिने सांडलेला चहा पदराने पुसायला घेतला. पुसून झाल्यावर म्हणाली, "दादाने सांगितलं होतं."

"कधी? तडा गेल्यावर?"

"नाही. तुम्ही घर घ्यायच्या आधी."

मला आधी वाटलं, तिची काहीतरी गल्लत होतेय. वय झालंय. मी अगदी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "तेव्हा काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मागची बाजू भरावावर उभी आहे. पावसापाण्याने खालची माती निघतेय, पाया सुटत चाललाय. पण सावकाश." तिने ओल्या पदराचं टोक पिळलं. "म्हणाला, आई, तुझ्यापुरती टिकेल."

दादा, हे तू खरंच ह्या शब्दांत म्हणालास? तिच्या मरणाचा आणि माझ्या भिंतीचा हिशेब तू एका दमात मांडलास, आणि ती "बरं" म्हणाली?

मी विचारलं, "आणि नंतर? मी, हे, छोटी, आम्ही काय करायचं होतं?"

"तोवर तो दुरुस्तीचं बघणार होता."

"आणि तुला हे चाललं?"

"तू आली नसतीस गं एरवी," आई म्हणाली. "तो तर निघालाच होता. मी एकटी पडले असते."

इतकी वर्षं आईला तू सांभाळलंस, ते मी नाकारत नाही. तिचं दुखणंखुपणं, तिचा हट्ट, तिचे टोमणे, सगळं तुझ्या आणि वहिनीच्या वाट्याला आलं. तुम्हाला बाहेर पडायचं होतं, आईला तिचं घर सोडायचं नव्हतं. मग तू आमच्यासाठी आईपासून दोन गल्ल्यांवर घर शोधलंस, जवळपास तेवढं एकच विकाऊ होतं. तपासायला दुसरा कशाला, घरचा माणूस असताना? भिंतींवर टकटक करत फिरलास, छतावर चढलास, मागच्या अंगणात बराच वेळ उकिडवा बसून राहिलास. उठलास, हात झटकलेस आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारलीस. "जावईबापू, डोळे मिटून घ्या." आम्ही राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत तुझं सामान गाडीत चढलं. मला तो योगायोग वाटला. मी तुला दशम्या करून द्याव्यात तसा वाटेसाठी डबा करून दिला, डोळे पुसले.

तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, "मी थकलोय, आता तू ये." मी आले असते. भाड्याच्या एका खोलीत आले असते. कुरकुर केली असती, भांडले असते, पण आले असते. तुम्ही दोघांनी मला न विचारताच माझं उत्तर ठरवून टाकलंत.

आणि आणखी एक. छोटीची खोली मागे करू दिली नाहीस तू. "तिकडे ऊन तापतं, पोरीला त्रास होईल, पुढची दे." मामाचा किती जीव आहे, म्हणून मी चारचौघांत सांगत फिरले. तुझा तिच्यावर जीव आहे, ह्यात आजही मला शंका नाही. पण म्हणजे तुला सगळं माहीत होतं. ह्या दोन गोष्टी मी एकमेकींपासून सोडवू बघते, सुटत नाहीत.

तुला ते नवीन लग्न झालेलं जोडपं आठवतं? घरमालक तुझ्या अंगावर धावून आला, तरी तू त्या दोघांना सांगितलंस, हे घर घेऊ नका. मी तेव्हा कॉलेजात होते. किती मोठा वाटला होतास मला! परक्यांशी खरं बोलताना तू कधी कचरला नाहीस. खोटं बोलायला तुला बहीणच सापडली.

आईने सांगितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर बोलावला. त्याने कपाट हलवलं, गिलावा काढला. आत जुना तडा होता, घर विकणाऱ्याने सिमेंट कोंबून बुजवलेला. बाहेर जाऊन त्याने खचलेली जमीन दाखवली आणि म्हणाला, "हे बाहेरून दिसतंय की हो. तपासणी कुणी केली होती?"

मी म्हणाले, "ओळखीतल्या एकाने."

मागची खोली पाडावी लागणार आहे. पुढचं घर वाचेल, पण पाया नव्याने बांधून घेईपर्यंत तिथे राहायचं नाही. सगळीकडे टेकू लावलेत. आम्ही तिघं आईकडे राहतोय, तुझ्या खोलीत. तुला हवं होतं त्याहून जास्तच झालं म्हणायचं. आई छोटीशी पूर्वीसारखी बोलते. मी तिचा गुडघा चोळून देते, औषध देते, तेल गरम करून देते. दूध, भाजी, औषध एवढ्याच विषयांवर आमचं बोलणं होतं. ती अधूनमधून माझ्याकडे बघते, मी बाटलीचं झाकण लावत बसते.

मला खरा त्रास ह्यांच्या चांगुलपणाचा झाला. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की दादाच्या नजरेतून सुटलं. मला वाटलं, आता ऐकवतील, म्हणालो नव्हतो का? तर उलट म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. दादांना बोलू नकोस, बिचारे मनाला लावून घेतील." मी ज्यांना तुझ्यासाठी घालूनपाडून बोलले, ते तुझी बाजू घेत होते, आणि मी मान डोलवत होते. रोज डोलवत होते. लपवणारे तुम्ही दोघं होतात, त्यात मी तिसरी झाले.

म्हणून आज सकाळी त्यांना सांगितलं. चुकून सुटलं नव्हतं, दादाला माहीत होतं. ते बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली तरी वाकूनच राहिले. मग त्यांनी एकच विचारलं.

"आईंना माहीत होतं?"

मी म्हणाले, "नाही."

दारापलीकडे आई छोटीची वेणी घालत होती. तिने ऐकलं असेल. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आज हे एवढं एक खोटं मी बोलले. ते तुझ्यासाठी नाही. आईला ह्या वयात जावयाच्या नजरेतून उतरलेलं मला बघवणार नाही, म्हणून. आता तुलाही तेच सांगायचंय. येशील तेव्हा ह्यांच्यासमोर उभा राहा, सगळं स्वतःवर घे आणि आईचं नाव काढू नकोस. खोटं कसं निभवायचं, ते तुला मी काय सांगणार?

माझी माफी मागू नकोस. सध्या माझ्याकडे ती द्यायला नाही.

'तुझी' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,

छोटीची आई