पाचवीला पुजलेला अंधार

३ जानेवारी १९६७, मंगळवार

आले बाई एकदाची पनवेलीला! चिरनेरहून सकाळच्या एसटीने निघाले ती मांडीवर डबा, पायाशी गाठोडं, आणि नारळ सीटखाली गडगडताहेत. डिंक, हळीव, मेथी, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, सगळं घेतलं. कंडक्टर म्हणाला, म्हातारे, दुकान टाकतेस काय पनवेलीत? मी म्हटलं, नातवाला आणायला चाललेय, जाताना एकीचं दे, येताना दीड तिकीट घेईन. अख्खी गाडी हसली.

ही डायरी जावईबापूंनी दिली. औषधवाल्या कंपनीकडून त्यांना फुकट येते. मी दुसरी पास, म्हणजे मास्तरांनी ढकलली. लेकीची, दमीची पत्रं वाचून वाचून तेवढं अक्षर टिकलं. बाळा, हे मी तुझ्यासाठी लिहिणार आहे. मोठा झालास की वाच, आणि आजीच्या ऱ्हस्व-दीर्घाला पोटभर हस.

पहिलं बाळंतपण खरं माहेरचं. पण जावईबापूंनीच लिहिलं, आई, तुम्हीच इकडे या. जावईबापू कमळाकर म्हणजे आमच्या सोयऱ्यांतले पहिले डिगरीवाले, गुरांचे डॉक्टर. वाकून नमस्कार केला मला. म्हणाले, तुम्ही म्हणे अंधारातसुद्धा बाळंतिणीचं सगळं करता? मग काय, माझी टकळी सुरू. जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराच्या साली पोलिसांच्या भीतीने गावात दिवा लागत नव्हता, तेव्हा मी माझ्या जावेचं अडलेलं बाळंतपण नुसत्या हाताने केलं. नाळ कापली, न्हाऊ घातलं, टाळू भरली, सगळं चाचपून. जावईबापूंनी तीनतीनदा विचारलं, अगदी काडीसुद्धा न ओढता? मी छाती फुगवून हो म्हटलं.

आणि माझी दमी किती गोरी झालीय! आमच्या घरात सगळे उन्हात रापलेले, ही तर तांदळाच्या पिठासारखी दिसते. पनवेलीचं पाणी मानवलं म्हणायचं.

५ जानेवारी

घर गावाबाहेर आहे, खाडीच्या अंगाला. पलीकडे मिठागरं. शेजार नाही. काडेपेटी दोन दिवसांत सर्दावते. मीठ तर असं भिजतं की भाजीत घालताना पिळावं.

आज गंमत झाली. फडताळात काचेच्या बरण्या दिसल्या, तळाशी वालाएवढं काहीतरी सुकलेलं. मी म्हटलं बिरड्याला घ्यावेत, बरणी उघडलीसुद्धा! जावईबापू धावत आले, पण रागावले नाहीत. समजावून सांगितलं. जनावराच्या मेंदूत अगदी मधोमध, टाळूच्या खाली, एक गाठ असते म्हणे. अंधार झाला की ती पाझरते, उजेड डोळ्यांत शिरला की पाझर बंद. त्या रसाने जनावराला कळतं रात्र केवढी, दिवस केवढा, थंडी आली का, माजावर कधी यायचं. बेडकाला तो रस टोचला तर बेडूक पांढरा पडतो. अंधारात एकदा काडी ओढली तरी पाझर आटतो, इतकं नाजूक काम.

मी म्हटलं, म्हणजे आतला कोंबडाच की. खूप हसले. चांगला माणूस आहे.

बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत. गड्याला कळावं म्हणून मराठीत. मी घडाघडा वाचून दाखवल्या. करडू ११, जन्म २ ऑगस्ट, पुढे ३१ ऑक्टोबर. करडू १२, जन्म ५ ऑगस्ट, पुढे ३ नोव्हेंबर. जावईबापू म्हणाले, आई, तुम्हांला इतकं वाचता येतं हे ठाऊक नव्हतं.

९ जानेवारी

परसात दोन गोठे आहेत. एकात चोवीस तास दिव्यांच्या नळ्या जळतात, दुसरा पत्र्याने आणि डांबरी कागदाने असा बंद केलाय की सुईएवढं भोक नाही. शेळ्या सांभाळायला गणू म्हणून आहे, जासईचा, माझ्याच वयाचा. मी विचारलं, आत करडांना दिसतं कसं? म्हणाला, बाय, तुमी चुलीचं बघा, शेल्यांचं मी बघतो. तोंडाळ मेला. पण चहा दिल्यावर निवळला.

दमी दिवसाही झोपते. मी म्हटलं झोपू दे, पुढे पोर झोपू देणार नाही.

१४ जानेवारी

तीळगूळ केला. दमीला ओटीवर बोलावलं तर येईना. उन्हाने डोळ्यांत सुया जातात म्हणाली. सातव्या महिन्यापासून ती मागच्या काळोख्या खोलीतच असते, जावईबापूंनीच सांगितलं म्हणे, बाळाला बरं. आणि तिन्हीसांजेला काय केलं तिने! मी निरांजन लावून हात जोडते तोवर डोळ्यांवर पदर घेऊन बाहेर आली आणि फू करून फुंकून टाकलं. दिवा कधी फुंकू नये, पदराच्या वाऱ्याने शांत करावा, हे मी तिला सातव्या वर्षी पाच बोटं उठवून शिकवलेलं. आज हात उगारला तो तसाच राहिला. दिवस भरलेली पोर. डोहाळे असतात एकेकीचे.

१९ जानेवारी, गुरुवार

नातू!! दुपारी दोनला. बाळा, आलास रे!

आमच्याकडे बाळंतिणीची खोली काळोखीच असते, वारा नको, नजर नको. म्हणून खिडकीवर गोधड्या मीच ठोकल्या. जावईबापू स्टूल धरून खिळे देत होते. पण गोदू सुईण आली ती दारातच तणतणली. कंदील नाय, बत्ती नाय, पोर काढायचं की चोरी करायची? जावईबापूंनी टॉर्चवर लाल कापड गुंडाळून धरलं तेवढ्यावर केलं तिने. जाताना माझ्या कानात म्हणाली, ठमाबाय, पोर रडला नाय गं नीट. असं नसतं. मी म्हटलं, गुणी आहे माझा.

टाळू भरली. हाताला किती मऊ लागते! टकटक उडते.

२३ जानेवारी

आज पाचवी. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. पाट मांडला, कोरा कागद, दौत, लेखणी, हळदकुंकू. निरांजनात तूप घातलं, वात घातली. जावईबापूंनी माझा हात धरला. आई, दिवा नको. कोवळे डोळे आहेत, आयुष्याचं नुकसान होईल. डॉक्टर माणूस, त्यातून नातवाचे डोळे. मी काय बोलणार?

पूजा अंधारात केली. सटवाईला म्हटलं, बये, चाचपून लिही, मीही चाचपूनच सगळं केलंय.

पण मनाला लागलं. निरांजन आणि काडेपेटी हळिवाच्या डब्यात, लाडवांखाली ठेवली. का ठेवली कोण जाणे.

३० जानेवारी

बारसं नाही. जावईबापू म्हणतात, ती गाठ तीन महिन्यांनी कामाला लागते, तोवर एकही किरण नको. मग थाटात करू.

बाळा, तुला अजून मी धड पाहिलेलं नाही. तुझं नाक कसं आहे ते बोटांना ठाऊक आहे. तू रडत नाहीस. तेल घालायला बोट नेलं की त्याआधीच टाळू पुढे करतोस. मी कुठे बसलेय ते तुला कसं कळतं रे?

गोदूला येऊ नको म्हणून सांगितलंय.

४ फेब्रुवारी

गणू नोकरी सोडून गेला. जाताना शेणकईजवळ उभा राहून सगळं ओकला. अंधारातली करडं डोळ्यांनी बघतच नाहीत. दार उघडलं की कपाळं पुढे करून येतात. नव्वद दिवस भरले की मालक स्वतः मान धरतो, डोकं फोडतो, गाठ काढून ताजव्यात तोलतो, बरणीत घालतो. चिठ्ठीवर दोन तारखा असतात त्या त्याच, जन्माची आणि तोलायची.

मी विचारलं, सगळ्यांचं असंच? तर म्हणाला, एक वाचला. गणूचाच कंदील चुकून आत गेला, करडाने ज्योतीकडे मान वळवली, मालकाने दारातून बघितलं आणि हात आपटले. करडानी उजेड बघितला की तो बाद, बाय. तो बाजारात इकला. आजून जिता हाय.

मी म्हटलं, शेळ्यांचं ठीक, आमच्या पोराचं काय? गणू खाली वाकला. पायाला हात लावून गेला. माझ्या पायाला कशाला?

५ फेब्रुवारी

फडताळ उघडलं. मागच्या ओळीत एक नवी बरणी आहे. रिकामी. धुऊन पुसून लख्ख. चिठ्ठी आहे.

मुलगा १. जन्म १९ जानेवारी. पुढे १९ एप्रिल.

तीनदा वाचली. दुसरी पास आहे मी. चुकत नाही माझं.

७ फेब्रुवारी

गोधड्या ओरबाडल्या. मागे फळ्या. माझ्या नकळत बाहेरून खिळे मारलेले, वर डांबरी कागद. मी ठोकल्या त्या गोधड्या नुसत्या शोभेला होत्या.

जावईबापू मागे उभे होते. ओरडले नाहीत. आई, दमलात तुम्ही, म्हणाले. मी बरणीचं विचारलं. शांतपणे सांगितलं, शेळीवर झालं, पण शेळीवरून माणसाचं कोणी मानत नाही. परदेशात छापून येईल. मी म्हटलं, तुमचं पोर आहे हो ते! तर म्हणाले, म्हणूनच. दुसऱ्याचं कसं घेणार?

दाराला बाहेरून कडी.

अंदाजे १२ फेब्रुवारी

चाचपून लिहितेय. ओळीवर ओळ चढत असेल. बाळा, सांभाळून वाच.

दारं दोन केलीत. मधे काळा पडदा. ते बाहेरचं लावतात, थांबतात, मग आतलं उघडतात. ताट ठेवतात. खाल्लंत का आई, विचारतात.

बोंबलून बघितलं. खाडीपलीकडे मिठागरं. कोण ऐकणार? गावी वाटतंय मी लाडू वळतेय.

दमीला सगळं सांगितलं. दमी म्हणाली, ते करतील ते बरंच करतील. आवाज झोपेतला. मी गदागदा हलवलं. हाताला गार लागली. गोरी म्हणून आनंदले होते मी. गोरी!

तारीख ठाऊक नाही

इथे दिवस नाही तर तारीख कुठली. ताटं मोजायची तर मधेच झोप येते, मलाही. फार गोड झोप. त्याचंच भय — माझ्याही डोक्यात ती गाठ असेलच की — पाझरत असेल —

टाळू भरली. जिथे सटवाई लिहिते, जिथे तो तोलणार, तिथेच मी तेल जिरवते. मऊ ठेवतेय. कोणासाठी मऊ ठेवतेय?

मी हो म्हटलं होतं. काडीसुद्धा न ओढता.

—

दमीच्या खाटेखाली लाडवांचा डबा सापडला. निरांजन आहे. तूप आहे. काड्या तीन. सर्दावलेल्या.

उजेड बघितला की बाद. बाद झाला की जगला. कमळाकरने स्वतः बघायला हवं, की हा ज्योतीकडे वळला —

काड्या काखेत धरून झोपते. ऊब लागली तर सुकतील.

—

पहिली. गूल चुरा झालं.

—

दुसरी पेटली. क्षणभर. दमीने बाळाचं तोंड पदरात दाबलं. तिचं तोंड दिसलं मला. डोळे मिटलेले, आणि कपाळ — कपाळ माझ्याकडे —

पोटची पोर माझी.

—

एक उरली. ताटाची वेळ होईल. बाहेरची कडी वाजली की ओढायची. तो थांबतो तेवढ्यात वात धरायला हवी. बाळ माझ्या मांडीवर आहे. जागा आहेस ना रे? डोळे उघडे ठेव. आजीसाठी एवढंच कर. मग आपण एसटीने जाऊ. दीड तिकीट —

वाजली.

पेटली! वात धरली. बाळा, बघ किती सरळ लिहितेय, उजेड आहे! नाक माझ्यासारखं आहे तुझं. डोळे उघडे. ज्योत इकडे नेते — इकडे — अरे वळले! ज्योतीबरोबर वळले डोळे तुझे! बाद झालास रे राजा, बाद झालास! दारामागे पडदा सळसळतोय. येऊ दे. बघू दे त्याला — दमे, हो बाजूला, आतली कडी काढतोय तो, त्याला दिसू दे, नाहीतर पटायचं नाही — अगं दिवा फुंकू नये, दमे, तुला शिकवलंय ना मी, दिवा फुंकू न